नवरा सरकारी नोकरीत, समोर घटस्फोटाचा कागद : सही करण्याआधी पेन्शनचा हिशेब समजून घ्या

समजा, तहसील कार्यालयात एक अव्वल कारकून आहे. वय ५६. दोन वर्षांनी रिटायर होणार. बायकोचं वय ५०, बारा वर्षांपासून माहेरी भावाच्या घरी राहते. मुलीचं लग्न झालेलं. एक दिवस नवऱ्याकडची चार माणसं येतात, चहापाणी होतं आणि विषय निघतो. "आठ लाख एकरकमी घ्या, समजुतीनं घटस्फोट करून टाकू, दोघंही मोकळे." सोबत टाइप केलेला मसुदा. त्यात शेवटी एक ओळ असते : पत्नीचा यापुढे पतीच्या पगार, पेन्शन, फंड व मिळकतीवर कोणताही हक्क राहणार नाही.

भावाला वाटतं, आठ लाख काय कमी आहेत? बाईला वाटतं, बारा वर्षं काहीच मिळालं नाही, आता हे तरी पदरात पडेल. सही होते. पुढं कधीतरी कुणीतरी सांगतं की अगं, तुला पेन्शन लागली असती. तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

वरचं उदाहरण फक्त समजण्यापुरतं आहे, पण असे मसुदे तालुक्याच्या कोर्टाबाहेर रोज टाइप होतात. सरकारी नोकराच्या रिटायरमेंटच्या पैशात घटस्फोट झाल्यावर बायकोला काय मिळतं, काय मिळत नाही आणि मिळवायचं असेल तर ते कधी मागावं लागतं, हे नीट पाहू.

पहिला गैरसमज : निम्मं निम्मं

गावात बऱ्याच जणांची समजूत असते की घटस्फोट झाला की नवऱ्याच्या इस्टेटीत बायकोचा निम्मा वाटा. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. लग्नामुळे नवऱ्याचा पगार, फंड किंवा पेन्शन आपोआप दोघांच्या मालकीची होत नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. तिथं लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात. त्या ऐकीव गोष्टीवरून इकडे अंदाज बांधू नये.

आपल्याकडे घटस्फोटित बायकोला मिळते ती पोटगी. पोटगी म्हणजे पेन्शनमधला वाटा नाही. कोर्ट दोघांची परिस्थिती बघून रक्कम ठरवतं आणि ती ठरवताना नवऱ्याचा पगार, पेन्शन, रिटायरमेंटला मिळालेले किंवा मिळणारे पैसे हे सगळं विचारात घेऊ शकतं. म्हणजे वाटा नसला तरी हिशेबात धरता येतो. मात्र तो धरायला लावणारा माणूस हवा, आणि तसा कागदही हवा.

रिटायरमेंटला पैसे कशाकशाचे मिळतात?

राज्य सरकारच्या जुन्या पेन्शन योजनेतल्या, म्हणजे साधारणपणे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेल्या कर्मचाऱ्याला पुढचे पैसे मिळतात.

एक, मासिक पेन्शन. पूर्ण पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. त्यावर महागाई भत्ता वेगळा.

दोन, विकलेली पेन्शन. सरकारी भाषेत अंशराशीकरण. पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकून एकदम रक्कम घेता येते. तेवढी पेन्शन १५ वर्षं कमी मिळते, मग पूर्ववत होते.

तीन, ग्रॅच्युइटी म्हणजे उपदान. दर पूर्ण सहामाहीला पाव पगार, जास्तीत जास्त साडेसोळा पगार. पगार धरताना महागाई भत्ताही धरतात. एकूण रकमेला कमाल मर्यादा आहे.

चार, भविष्य निर्वाह निधी, म्हणजे जीपीएफ. स्वतःच्या पगारातून कापलेले पैसे आणि त्यावरचं व्याज.

पाच, शिल्लक अर्जित रजेचे पैसे, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे. शिवाय गटविम्याची रक्कम.

२००५ नंतर लागलेल्यांचा मामला वेगळा. त्यांचा एनपीएस आहे. त्यात नोकर आणि सरकार दोघंही दरमहा पैसे भरतात. नेहमीच्या वयाला रिटायर होताना जमलेल्या रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी हातात घेता येते, उरलेल्यातून विमा कंपनीकडून मासिक पेन्शन घ्यावी लागते. राज्य सरकारनं या कर्मचाऱ्यांपुढे नंतर आणखी पर्यायही ठेवले आहेत. त्यामुळे नवरा कुठल्या योजनेत आहे, हे आधी विचारून घ्या. एकाच कार्यालयात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांची योजना वेगळी असू शकते.

आठ लाखांचा हिशेब

आता वरच्या उदाहरणातल्या कारकुनाचा मूळ पगार शेवटी ६०,००० रुपये आणि नोकरी ३३ वर्षं धरू. महागाई भत्ता सध्या बाजूला ठेवू.

पेन्शन : ३०,००० रुपये महिना.

४० टक्के विकली तर १२,००० रुपये कमी होतील आणि त्याबदल्यात एकरकमी साधारण १२ लाख.

ग्रॅच्युइटी : साडेसोळा पगार, म्हणजे ९ लाख ९० हजार.

३०० दिवसांची रजा शिल्लक असेल तर दहा पगार, म्हणजे ६ लाख.

जीपीएफ १५ लाख साठलाय असं समजू.

बेरीज जवळपास ४३ लाख. महागाई भत्ता धरला तर ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे याहून बरेच वाढतात. आणि दर महिन्याची पेन्शन चालूच.

आठ लाखांचा आकडा या यादीसमोर ठेवून बघा. तो कमी की जास्त, हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे. नवऱ्याच्या अंगावर घराचं कर्ज असेल, म्हाताऱ्या आई-वडिलांचा दवाखाना असेल, तेही कोर्ट बघतं. पण यादी न बघताच आकड्याला हो म्हणणं म्हणजे पिकाचं वजन न करता व्यापाऱ्याला माल देणं.

सगळ्यात मोठी गोष्ट : फॅमिली पेन्शन

वरच्या यादीत एक गोष्ट मुद्दाम घेतलेली नाही, ती म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन. सरकारी नोकर किंवा पेन्शनर वारला की त्याच्या कायदेशीर बायकोला ही पेन्शन लागते. नेहमीचा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं त्याहून जास्त. वरच्या उदाहरणात ३० टक्के म्हणजे १८,००० रुपये महिना, वर महागाई भत्ता. नवऱ्यानं हयातीत पेन्शन विकली असली तरी फॅमिली पेन्शन त्यामुळे कमी होत नाही.

घटस्फोटाचा हुकूम झाला की ती बाई कायद्यानं बायको राहत नाही, आणि फॅमिली पेन्शनचा तिचा हक्क तिथंच संपतो. कोर्टानं पोटगी मंजूर केलेली असली तरी संपतो. नवऱ्यानं "माझ्यानंतर पेन्शन हिलाच द्या" असं लिहून दिलं तरी उपयोग नाही. फॅमिली पेन्शन ही नवऱ्याची मालमत्ता नाही, ती सरकारच्या नियमांप्रमाणे नियमात बसणाऱ्यालाच मिळते. मृत्युपत्र करूनही ती दुसऱ्याला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच स्पष्ट केलंय.

याची दुसरी बाजू फार कमी बायकांना माहीत असते. नुसतं वेगळं राहिल्यानं बायकोपण जात नाही. बारा वर्षं माहेरी राहिली, वीस वर्षं राहिली, पण घटस्फोट झालेला नसेल तर ती कायद्यानं बायकोच आहे आणि नवऱ्याच्या माघारी फॅमिली पेन्शन मागू शकते.

मधला एक मार्गही आहे, न्यायिक विभक्तता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली कोर्ट दोघांना कायदेशीररीत्या वेगळं राहायची परवानगी देतं, पण लग्न मोडत नाही. केंद्र सरकारच्या नियमांत अशा विभक्त बायकोला फॅमिली पेन्शनच्या कुटुंबात धरलेलं आहे. व्यभिचाराच्या कारणावरून विभक्तता झाली असेल तर मात्र धरत नाहीत.

आता उदाहरणातले आठ लाख १८,००० नं भागा. साधारण ४४ महिने येतात, म्हणजे पावणेचार वर्षांची फॅमिली पेन्शन. अर्थात नवरा आधी जाईल की बायको, हे कुणाच्या हातात नाही. फॅमिली पेन्शन ही शक्यता आहे, आठ लाख हा रोकडा पैसा आहे. आणि ज्या घरात मारहाण आहे, जिवाला त्रास आहे, तिथं सुटका हीच पहिली गोष्ट. पेन्शनसाठी कुणी त्रासात राहावं, असा याचा अर्थ नाही. पण सहीनं काय सोडतोय, ते सही करणाऱ्याला माहीत पाहिजे.

मग घटस्फोटित बायकोला मिळतं कसं?

हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २४ खाली केस चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते. कलम २५ खाली कायमची पोटगी, एकरकमी किंवा दरमहा, मिळते. फौजदारी बाजूनं पूर्वीचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही त्याखाली अर्ज करू शकते. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये सांगितलं की मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली तर कोर्ट नवऱ्याच्या मालकाला, म्हणजे कार्यालयालाही, पगारातून थेट बायकोला पैसे द्यायला सांगू शकतं.

किती मिळणार? ठरलेला दर नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली. तेव्हापासून वकील तो आकडा सांगतात, पण तो नियम नाही. दोघांचं वय, शिक्षण, कमाई, लग्न किती वर्षं टिकलं, मुलं कुणाकडे आहेत, नवऱ्यावर आणखी कोण अवलंबून आहे, असं बरंच काही बघितलं जातं.

नवऱ्याचं खरं उत्पन्न कळणार कसं? नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात सगळ्या कोर्टांना सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं. शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुनाही दिलेला आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्याच निकालात आहे. शपथपत्रात नवऱ्यानं फंड किंवा ठेवी लपवल्या असं वाटलं, तर कार्यालयाकडून पगाराचा दाखला, जीपीएफचा उतारा आणि रिटायर झाला असेल तर कोषागारातून पेन्शनचा तपशील मागवा, असा अर्ज कोर्टात देता येतो. ऐकीव आकडे सांगण्यापेक्षा हा एक अर्ज जास्त कामाचा.

पगार जप्त होतो, फंड होत नाही

इथं बऱ्याच केस अडकतात. कोर्टाचा हुकूम हातात असतो, पण पैसे निघत नाहीत. कुठल्या पैशाला हात लावता येतो, ते समजून घ्या.

पगार : पोटगीच्या हुकुमात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो. बाकीच्या भागावर जप्ती येऊ शकते. साध्या कर्जाच्या वसुलीपेक्षा पोटगीला कायदा जास्त हात देतो.

जीपीएफ आणि ग्रॅच्युइटी : हे पैसे सरकारकडे आहेत तोवर कायद्यानं जप्तीपासून वाचवलेले आहेत. म्हणून "रिटायर झाल्यावर फंडातून देतो" या तोंडी शब्दाला किंमत नाही. नंतर थेट त्या फंडावर जप्ती न्यायची म्हटलं तर अडचण येते.

पेन्शन : १८७१ च्या पेन्शन कायद्यात लिहिलंय की देणेकऱ्याच्या मागणीसाठी पेन्शन जप्त करता येत नाही. पण बायको ही सावकारासारखी देणेकरी नाही, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१९ मध्ये पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती मान्य केली. रिटायर झालो, आता कुणी काही करू शकत नाही, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. कलम १४४ खालची पोटगी थकली तर वॉरंटसाठी एक वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. तीन-चार वर्षांची थकबाकी एकदम मागू म्हणून थांबणाऱ्यांची जुनी रक्कम या मार्गानं अडकते.

रिटायरमेंटच्या आधी की नंतर?

नोकरीत असताना ठरलेली मासिक पोटगी कायम तेवढीच राहील असं नाही. पगार बंद होऊन पेन्शन सुरू झाली की नवरा रक्कम कमी करायचा अर्ज देऊ शकतो. तसंच महागाई वाढली, नवऱ्याचा पगार वाढला, तर बायको वाढवून मागू शकते. परिस्थिती बदलली की कोर्ट हुकूम बदलू शकतं. बाईनं दुसरं लग्न केलं तर नवरा पोटगी बंद करायला सांगू शकतो.

रिटायरमेंट दोन-तीन वर्षांवर असेल, तर दरमहा पोटगीपेक्षा ठरलेल्या तारखांना ठरलेली रक्कम हा मार्ग अनेकदा बरा पडतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर दरमहाची पोटगी साधारणपणे थांबते आणि फॅमिली पेन्शन तर घटस्फोटानं आधीच गेलेली असते. म्हातारपणी दोन्ही दारं बंद, अशी वेळ येते. एकरकमी रक्कम किंवा जमिनीवरचा बोजा, हीच त्यावरची तजवीज.

समजुतीच्या कागदात काय असावं?

परस्पर संमतीच्या घटस्फोटात, म्हणजे कलम १३-ब मध्ये, दोनदा कोर्टापुढे जावं लागतं. मधे सहा महिने असतात, काही प्रकरणांत कोर्ट ते माफ करतं. हा वेळ विचारासाठीच आहे. दुसऱ्या तारखेच्या आत संमती मागे घेता येते. हुकूम झाल्यावर "मला कळलं नव्हतं" म्हणून मागं फिरणं फार अवघड.

पहिलं, एकूण रक्कम आकड्यात आणि अक्षरात. कधी, किती, कशानं. डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेतून, रोख नाही. निम्मी पहिल्या तारखेला, निम्मी हुकुमाच्या दिवशी, असं ठरवता येतं.

दुसरं, रिटायरमेंटनंतर काही द्यायचं ठरलं असेल तर "फंड मिळाल्यावर" असं मोघम लिहू नये. तारीख लिहावी. उशीर झाला तर व्याज किती, तेही लिहावं.

तिसरं, हमी म्हणून जमिनीवर बोजा. कलम २५ मध्येच तरतूद आहे की पोटगीसाठी नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवता येतो. हुकुमात गट नंबर आला पाहिजे आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करून घेतली पाहिजे. जमीन वडिलोपार्जित आणि वाटप न झालेली असेल तर बोजा फक्त नवऱ्याच्या हिश्श्यापुरता, हे लक्षात असू द्या.

चौथं, मुलांचा खर्च वेगळ्या कलमात. आईच्या सहीनं मुलांचा हक्क सुटत नाही.

पाचवं, लग्नातलं स्त्रीधन, दागिने, भांडी यांची यादी आणि ते परत मिळाल्याची नोंद.

आई-बापाचा घटस्फोट, मुलांचा नाही

घटस्फोटानं मुलं बापाच्या कुटुंबातून बाहेर पडत नाहीत. केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांत तर स्पष्ट आहे की घटस्फोटित बायकोची पात्र मुलं असतील, तर आईला मिळाला असता तो फॅमिली पेन्शनचा हिस्सा त्या मुलांना मिळतो. दुसरी बायको हयात असली तरी मिळतो. वयाची अट केंद्राकडे आणि राज्याकडे वेगवेगळी आहे. लहान मुलं असतील तर त्यांची नावं बापाच्या सेवापुस्तकात कुटुंबाच्या तपशिलात आहेत का, हे नोकरी चालू असतानाच बघा. बाप वारल्यावर जन्मदाखले गोळा करत फिरण्यापेक्षा हे सोपं.

स्टँपवरचा काडीमोड

आपल्या भागात अजूनही पंचांसमोर पाचशेच्या स्टँपवर फारकत लिहितात, नोटरी करतात आणि दोघं मोकळे समजतात. ज्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि ती कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध होते, तिथली गोष्ट वेगळी. एरवी असा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे.

त्याचा फटका तिघांना बसतो. नवऱ्यानं त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न बेकायदेशीर, शिवाय सरकारी नोकर असल्यानं वर्तणूक नियम १९७९ खाली नोकरीवर कारवाई. दुसरीला वाटतं आपण बायको, पण नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शनचा अर्ज फेटाळला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१९ मध्ये हेच सांगितलं की पहिलं लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाच्या बायकोला राज्याच्या नियमांखाली फॅमिली पेन्शन नाही. आणि पहिलीला वाटतं आपला हक्क गेला, म्हणून ती अर्जच करत नाही. तिचा हक्क मात्र शाबूत असतो. अशी बाई आसपास असेल तर तिला हे जरूर सांगा. दुसऱ्या लग्नातली मुलं कायद्यानं औरस धरली जातात, त्यांचा हक्क वेगळा.

कोर्टातून घटस्फोट झाला तरी लगेच बोहल्यावर चढू नये. अपिलाची ९० दिवसांची मुदत संपू द्यावी.

बाई नोकरीत असेल तर?

आज शिक्षिका, ग्रामसेविका, आरोग्यसेविका, तलाठी, पोलीस म्हणून कितीतरी बायका नोकरीला आहेत. हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ आणि २५ दोघांनाही लागू आहेत. कमाई नसलेला नवराही बायकोकडे पोटगी मागू शकतो, मात्र अंगात धमक असून काम न करणाऱ्याला कोर्ट सहसा उभं करत नाही.

नोकरदार बाईच्या मृत्यूनंतर फॅमिली पेन्शन नवऱ्याला जाते, भांडण कोर्टात चालू असलं तरी. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये यात बदल केला. घटस्फोटाची किंवा कौटुंबिक हिंसाचाराची केस चालू असेल तर केंद्राच्या नोकरीतली महिला लेखी विनंती करून नवऱ्याच्या आधी मुलांना फॅमिली पेन्शन मिळेल, अशी व्यवस्था करू शकते. पोस्ट, रेल्वे अशा केंद्राच्या खात्यांतल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावं.

जवानाच्या घरात

लष्करात असलेल्या नवऱ्यानं घरी पैसे पाठवणं बंद केलं, तर कोर्टाबरोबर आणखी एक दार आहे. लष्करी कायदा १९५० च्या कलम ९० आणि ९१ खाली बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करता येते. त्यासाठी युनिटच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची चौकशी करता येते.

घटस्फोटानंतर नवऱ्यानं करायची कामं

हुकुमाची सही-शिक्क्याची प्रत कार्यालयात देऊन सेवापुस्तकातला कुटुंबाचा तपशील बदलून घ्यावा. ग्रॅच्युइटी, जीपीएफ, गटविमा, एनपीएस आणि बँक खातं, प्रत्येकाचं नामनिर्देशन वेगळं असतं. एका ठिकाणी बदललं म्हणजे सगळीकडे बदललं, असं होत नाही. रिटायर झाल्यावर घटस्फोट झाला असेल तर कोषागार कार्यालयाला कळवावं, कारण पेन्शनच्या आदेशावर बायकोचं नाव आणि जोडीचा फोटो असतो. जुनी नावं तशीच राहिली की माणूस गेल्यावर आई, मुलं आणि दोन्ही बायका कोर्टात समोरासमोर उभ्या राहतात.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आधार कार्ड, लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले आणि समोरच्यानं दिलेला मसुदा घेऊन जा. फोनवर विचारायचं असेल तर विधी सेवेचा क्रमांक १५१०० आणि महिला हेल्पलाइन १८१.

आता पुन्हा त्या माहेरी बसलेल्या बाईकडे येऊ. तिनं घटस्फोट द्यावा की देऊ नये, हे तिचं तिनं ठरवायचं. कदाचित ती आठ लाखांवरच समाधानी असेल. कदाचित यादी बघून वीस लाख आणि जमिनीवर बोजा मागेल. कदाचित म्हणेल, मला वेगळंच राहायचं आहे पण बायको म्हणून. तिन्ही मार्ग कायद्यात बसतात. फक्त चार माणसं ओसरीवर बसलेली असताना, चहा गार होण्याआधी सही करू नये. कागद घ्यावा, "वकिलाला दाखवून सांगते" म्हणावं आणि आठवडाभर थांबावं. बारा वर्षं थांबली, तिला आठ दिवस जड नाहीत.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. प्रत्येक प्रकरणाची कागदपत्रं वेगळी असतात. सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.)